तळघरातले मिस्त्री

जिन्यात गाठ पडली की आमचे घरमालक 'कसे आहात' असं कधी विचारत नसत. 'आज काय केलंत?' असं विचारत. डार्मश्टाटच्या कडेला, ट्रामच्या शेवटच्या थांब्यापासून दहा मिनिटं चालल्यावर त्यांचं दुमजली घर होतं. खाली ते एकटे राहायचे, वर मी आणि माझी बायको प्रज्ञा. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, म्हातारे जरा चौकस आहेत. मी हसून 'काही विशेष नाही' म्हणालो, तर ते खरोखरच काळजीत पडले. 'म्हणजे, बरं नाही का?' असं विचारू लागले.

पुढे त्यांनीच एकदा सांगितलं, की हा प्रश्न त्यांच्या वडिलांचा. वडील ओडेनवाल्डच्या डोंगरातल्या एका खेड्यात प्रोटेस्टंट पाद्री होते. संध्याकाळच्या जेवणाला पाव कापायच्या आधी ते टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला विचारायचे, आज काय केलंस? आधी बायकोला, मग चारही मुलांना. उत्तर पटलं नाही तर शिक्षा वगैरे नसे. पाव मिळायचा. फक्त वडील तो पाव त्या मुलाकडे न बघता पुढे सरकवायचे.

"मारलं असतं तर परवडलं असतं," मालक म्हणाले.

स्वतः त्यांनी चर्च कधीच सोडलं होतं. कचेरीत जाऊन रीतसर नाव काढून आले होते आणि देव मानत नाही असं कुणालाही सांगायचे. मग मी विचारलं, की हे पहाटेपासूनचं राबणं कुणासाठी? त्यांनी दोन बोटांनी आपल्या छातीवर टकटक केलं. म्हणाले, "देव निघून गेला. त्याचा मुकादम राहिलाय आत."

हा मुकादम त्यांना वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी सकाळी सहाला उठवायचा. यंत्रांच्या एका कारखान्यात त्यांनी पंचेचाळीस वर्षं काढली होती, आधी कारागीर म्हणून आणि मग माइस्टर म्हणून, म्हणजे हाताखाली शिकाऊ मुलं असलेला मुख्य कारागीर. निवृत्तीनंतर त्यांनी कारखानाच तळघरात आणला होता. लोखंड घट्ट धरणारी व्हाइस, कातकामाची लेथ, भिंतीवर मापाप्रमाणे टांगलेल्या कानशी, आणि प्रत्येक कानशीच्या मागे तिच्या आकाराची पेन्सिलीची रेघ, म्हणजे कुठली जागेवर नाही हे लगेच कळावं. शनिवारी ते घरासमोरचा रस्ता झाडत. तो घाण झालेला असे असं नाही. मी एकदा तसं म्हटलं तर म्हणाले, घाण झाल्यावर तर कुणीही झाडेल.

रविवारी मात्र काम नाही. चर्च सोडलं तरी रविवार त्यांना सोडता आला नव्हता. सूट घालून ते मागच्या अंगणातल्या बाकावर बसायचे, दोन्ही हात गुडघ्यांवर उपडे ठेवून, दवाखान्यात नंबर यायची वाट पाहणाऱ्या माणसासारखे. दुपारी एखादं पान उडत पायाशी आलं तर त्याच्याकडे बघत राहायचे, पण उचलायचे नाहीत. सोमवारी सकाळी झाडूचा आवाज आला की प्रज्ञा म्हणायची, सुटले बिचारे.

एकदा प्रज्ञाला आठ दिवस ताप होता. मालक चौकशीला वर आले नाहीत, फुलं नाहीत, चिठ्ठी नाही. मला जरा रागच आला. मग लक्षात आलं, की आमचं करकरणारं दार वाजायचं थांबलंय. स्वयंपाकघरातल्या सगळ्या सुऱ्यांना धार लागलीय. बाल्कनीचा कठडा हलायचा तो हलत नाही. मी कामावर गेल्यावर ते येऊन हे करून जायचे आणि झोपलेल्या प्रज्ञाकडे बघायचेही नाहीत. ती बरी झाल्यावर आभार मानायला खाली गेली, तर त्यांना ते आवडलं नाही. 'दार खराब होतं,' एवढंच म्हणाले.

त्यांची मुलगी कोलोनला राहायची. वर्षातून दोन-तीनदा येई, कॉफी घेई आणि अंधार पडायच्या आत परत जाई. तिनं प्रज्ञाला एक गोष्ट सांगितली होती. तिची आई गेली तेव्हा ती मिळेल त्या गाडीनं कोलोनहून निघाली. घरी पोचली तर वडील शिडीवर चढून खिडकीला रंग देत होते. आई आत पलंगावर. ही रडत शिडीखाली उभी राहिली, तर ते वरूनच म्हणाले, दुपारी गेली, अजून तीन तास उजेड होता. ती खिडकी रंगवा असं आई कित्येक वर्षं मागे लागली होती म्हणे. 'मला त्यांनी खाली उतरून जवळ घेतलं नाही,' मुलगी म्हणाली, 'ब्रश हातात दिला.'

हे सगळं ऐकून कुणालाही त्या माणसाची कीव यावी. मला हेवा वाटायचा.

आधी वाटायचा तो साधा हेवा होता. मी औषधांच्या कंपनीत काम करतो. नागपूरहून रसायनशास्त्रात पीएचडी करायला आलो आणि इथेच राहिलो. लॅबमध्ये होतो तोवर बरं होतं. बढती मिळाली आणि लॅब सुटली. आता मी दुसऱ्यांच्या प्रयोगांचे कागद तपासतो, मीटिंगा करतो, आणि त्या मीटिंगांचे वृत्तान्त पुढच्या मीटिंगला मंजूर करतो. संध्याकाळी जिन्यात 'आज काय केलंत' आलं की माझ्याकडे खरोखर उत्तर नसायचं. शुक्रवारी मी घरून काम करायचो. एकदा पाचच्या सुमाराला ते नळाचं बघायला वर आले, मला सकाळी पाहिलं त्याच खुर्चीत पाहिलं आणि सहज म्हणाले, 'आज सुट्टी वाटतं.' मी त्या दिवशी नऊ तास काम केलं होतं. त्यांच्या कामाला शेवट होता. एक बिजागरी, एक खिडकी. झालं की हात धुवायचे. माझ्या कामानंतर हात धुवायचं कारणच नसायचं, आणि ते गेल्यावर मी त्यांचा दुःस्वास करत लॅपटॉप मिटायचो.

खरा हेवा पुढे वाटायचा होता. त्यासाठी बाबा यावे लागले.

माझे वडील नागपूरला एका कारखान्यात फिटर होते. आई गेल्यावर ते बहिणीच्या शेजारी एका खोलीत राहायचे. जर्मनीला चला म्हणून मी चार वर्षं मागे लागलो होतो. शेवटी ते जुलैमध्ये आले, दोन महिन्यांसाठी. व्हिसा तीन महिन्यांचा होता, पण एवढा वेळ तिथं करू काय, असं म्हणून त्यांनी तिकीट दोनच महिन्यांचं काढायला लावलं.

माझं आणि बाबांचं कधी भांडण झालं नाही. भांडायला जेवढं बोलावं लागतं तेवढं आम्ही बोललोच नव्हतो. लहानपणी त्यांची हत्यारांची पेटी खाटेखाली असायची आणि तिला हात लावायची मला मनाई होती. मी नऊ वर्षांचा असताना पेन्सिलीला टोक काढायला म्हणून त्यातली एक कानस घेतली. बाबा ड्यूटीवरून आले, त्यांनी कानस काढून घेतली, मला नळापाशी नेलं आणि साबण लावून माझे हात स्वतः धुतले. एकेक बोट. म्हणाले, "हे हात पेनासाठी हायेत." त्यांनी माझे हात हातात घेतल्याची ही एकच आठवण माझ्याकडे आहे. आजोबांना गावानं जी कामं करायला लावली ती बाबांनी सोडली होती आणि त्यांना जे काम करावं लागलं ते मला करायला लागू नये, असा त्यांचा हिशेब होता. तो बरोबरच होता. ते ओव्हरटाइम करायचे, मी दार लावून अभ्यास करायचो. दहावीचा निकाल, बारावीचा निकाल, पीएचडी. दर वेळी त्यांनी मान हलवली आणि 'बरं झालं' म्हणाले.

इथे आल्यावर पहिले चार दिवस ते आमच्या सोफ्यावर पाहुण्यासारखे बसून होते. टीव्हीवरचं कळत नव्हतं. प्रज्ञा, जी मला एरवी नावानं हाक मारते, ती बाबांसमोर 'अहो, ऐकलं का' म्हणत होती आणि त्यानं घर आणखीनच परकं वाटत होतं. पाचव्या दिवशी मी ऑफिसातून आलो तर बाबा घरात नव्हते. प्रज्ञानं खाली बोट दाखवलं. तळघरातून कानशीचा आवाज येत होता. दोन कानशींचा.

मालकांनी गावातलं सफरचंदाचा रस काढायचं जुनं यंत्र दुरुस्तीला घेतलं होतं. आमच्याकडच्या उसाच्या चरकाचा मोठा भाऊ म्हणावा असं ते होतं: दातेरी रूळ, खाली लाकडी पिंजरा, वरून दाबत जाणारा लोखंडी स्क्रू. दोन वर्षं ते तुकड्यातुकड्यांत पडलं होतं. बाबा पाय मोकळे करायला खाली उतरले होते, दार उघडं दिसलं, आत डोकावले. मालक स्क्रू मागे फिरू न देणाऱ्या खटक्याचा दात घासत होते. बाबांनी थोडा वेळ पाहिलं आणि मग, त्यांनीच नंतर सांगितलं, त्यांना राहवेना. त्यांनी जाऊन मालकांचं मनगट धरलं आणि कानशीचा कोन बदलला. एका जर्मन माइस्टरचं मनगट. मालकांनी दोन हात मारून पाहिले, दात उजेडात धरला आणि भिंतीवरची दुसरी कानस काढून बाबांच्या हातात दिली.

त्या दिवसापासून बाबा वर फक्त जेवायला यायचे.

एकाला मराठी, तेही नागपुरी, दुसऱ्याला जर्मन, तेही ओडेनवाल्डचं. तरी दिवसभर त्यांचं बोलणं चालायचं. मालक बाबांना 'कोलेगे' म्हणत, म्हणजे कामातला सोबती. बाबांना ते कॉलेज ऐकू यायचं. "मले कॉलेज म्हणते तो," असं सांगून ते जेवताना हसले. बाबांना मी असं, दात दिसतील इतकं, हसताना पाहिलं नव्हतं. आणि ते मालकांना 'मिस्त्री' म्हणायचे. बाबांच्या तोंडी मिस्त्री ही फार वरची पदवी होती. त्यांच्या अख्ख्या कारखान्यात त्यांनी दोनच माणसांना ती दिली होती. मला घरी सगळे डॉक्टरसाहेब म्हणायचे, बाबा सोडून.

जर्मनमध्येही 'तुम्ही' आणि 'तू' आहे, आणि म्हाताऱ्या माणसाच्या 'तुम्ही'वरून 'तू'वर यायला इथे वर्षं जातात. मी चार वर्षं त्यांच्या घरात राहत होतो आणि 'तुम्ही'च होतो. बाबा आठवड्याभरात 'तू' झाले. कळत नव्हतं त्यांना, तरी झाले.

एका संध्याकाळी मी बाह्या सावरून खाली गेलो. म्हटलं, मीही मदत करतो. दोघांनी एकदमच वर पाहिलं. मालक सभ्यपणे एक स्टूल पुढे करू लागले, पण बाबा म्हणाले, "तू वर जा. तुझं काम कर." आवाजात राग नव्हता. तिथे माझं काही नव्हतं, एवढंच. जिना चढताना मागे बाबा मराठीत बोलत होते ते मला ऐकू आलं. कारखान्यात एकदा एका मशीनमध्ये सोबत्याचा हात अडकला आणि यांनी पट्टा कापून तो वाचवला, ती हकीकत. मी ती आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो. एक शब्द न कळणाऱ्या माणसाला ते ती सांगत होते, आणि तो 'या, या', म्हणजे हो, हो, म्हणत होता. मी अर्ध्या जिन्यात थांबून पुरी ऐकली.

ऑगस्टच्या शेवटी मालकांनी मला खाली बोलावलं. दुभाषा म्हणून. चरक जवळजवळ उभा राहिला होता, एक पितळी बुश, म्हणजे स्क्रूभोवतीची कडी, तेवढा बसवायचा होता. मालकांनी डोक्यावरची टोपी काढली आणि सरळ उभे राहिले. म्हणाले, "तुमच्या वडिलांना सांगा. सफरचंदं सप्टेंबरच्या शेवटी उतरतील. पहिला रस निघेल तेव्हा ते इथे असले पाहिजेत. यंत्र अर्धं त्यांचं आहे. त्यांनी थांबावं, अशी मी विनंती करतो."

विनंती हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. बाबांच्या व्हिसाचे दिवस शिल्लक होते. तिकीट बदलणं अवघड नव्हतं.

"काय म्हणते मिस्त्री?" बाबांनी विचारलं. त्यांचा चेहरा उजळला होता. सूर त्यांना कळला होता.

मी आधी काही ठरवलं नव्हतं, हे खरं आहे. त्यानं काही फरक पडत नाही, हेही खरं आहे. मी म्हणालो, "म्हणतात, आता थोडंच काम उरलंय, ते एकटेच करतील. तुमचे आभार मानतायत. तुम्ही आता आराम करा."

"आराम," बाबा म्हणाले. मग, "बरं."

त्यांनी वापरलेली हत्यारं एकेक पुसली आणि भिंतीवर आपापल्या रेघेत टांगली. मालकांना हात जोडून नमस्कार केला आणि जिना चढायला लागले. मालक माझ्याकडे बघत होते. मी त्यांना सांगितलं, की बाबा आभारी आहेत, पण नागपूरला त्यांचं काम खोळंबलंय. दुसरं कुठलंही कारण त्यांनी खोडून काढलं असतं.

"काम?" त्यांनी विचारलं.

"हो."

"गेनाऊ," ते म्हणाले. बरोबर आहे. "काम असेल तर जायलाच हवं." आणि टोपी डोक्यावर ठेवली.

बाबांच्या निघण्याला बारा दिवस होते. ते सगळे बारा दिवस मला मिळाले. मी चार दिवसांची रजा टाकली. त्यांना कोलोनला नेलं, ऱ्हाइन नदीत बोटीतून फिरवलं. ते बोटीच्या कठड्याला धरून उभे राहिले आणि थोड्या वेळानं म्हणाले, "उद्या ऑफिस नाई का तुले?" बाल्कनीत आम्ही समोरासमोर बसायचो. मी त्यांना कारखान्याबद्दल विचारायचो. ते 'काय सांगावं, काम होतं' म्हणायचे. तळघरात उतू जाणारा माणूस माझ्यासमोर दोन वाक्यांत संपत होता. खालून एकाच कानशीचा आवाज यायचा आणि बाबा मान वळवून ऐकायचे. एकदा तो ऐकताना त्यांनी विचारलं, "माह्याकून काई चुकलं का रे तिथं?"

"नाही बाबा," मी म्हणालो. "म्हातारे लहरी आहेत."

ते गेले त्या दिवशी बुधवार होता. मालक रविवारचा सूट घालून फाटकाशी उभे होते. दोघांनी हात मिळवले आणि बराच वेळ सोडले नाहीत. बोलले काहीच नाहीत. बोलायचं तर मध्ये मी होतो.

सप्टेंबरच्या अखेरीला चरक चालला. सगळी आळी टोपल्या घेऊन आली. मालकांनी दांडा ओढला, खटका टकटक वाजत सरकला, आणि पिंजऱ्याच्या फटींतून रस गळायला लागला. त्यांनी पहिल्या तीन बाटल्या वर पाठवल्या. प्रज्ञा प्यायली. मी माझा ग्लास तसाच ठेवला. का, असं तिनं विचारलं आणि मी तिला सांगून टाकलं. तिनं बाटलीला बूच लावलं.

"आत्ता खाली जा आणि त्यांना सांग," ती म्हणाली. "मग नागपूरला फोन लाव."

मी गेलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ, असं करत हिवाळा आला. जिन्यात मालक विचारायचे, कोलेगेचं काम कसं चाललंय? मी म्हणायचो, चाललंय. एकदा म्हणाले, असं काय काम आहे त्यांना? मी म्हटलं, घराची दुरुस्ती. त्यांनी समाधानानं मान हलवली. माझ्या खोट्या बाबांचाही ते आदर करायला लागले होते, आणि मला त्याचाही हेवा वाटला.

जानेवारीतल्या एका सकाळी बर्फ पडलं होतं आणि फाटकापासूनची वाट साफ केलेली नव्हती. मी तसाच धावत खाली गेलो. ते तळघरात लेथच्या पायाशी पडले होते. शुद्धीवर होते. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत मी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसलो. ते काहीतरी पुटपुटत होते. कान जवळ नेला तर कळलं, लेथ बंद करा म्हणत होते.

उजवी बाजू गेली. डावा हात थरथरायला लागला. कोलोनच्या मुलीनं त्यांना डार्मश्टाटमधल्या एका वृद्धाश्रमात ठेवलं आणि ती दर रविवारी येऊ लागली. वसंतात तिनं घर विकायला काढलं. आम्ही दुसरीकडे जागा बघितली. सामान बांधून झालं त्या शनिवारी मी वृद्धाश्रमात गेलो.

ते खिडकीशी खुर्चीत बसले होते. उजवा हात कुणीतरी ठेवल्यासारखा मांडीवर होता. मी ओव्हरकोटही काढला नाही. म्हणालो, मी त्या दिवशी खोटं भाषांतर केलं. तुमची विनंती मी वडिलांना सांगितलीच नाही. त्यांना वाटलं, तुम्ही त्यांना नको म्हणालात. नागपूरला त्यांचं काहीही काम नव्हतं.

त्यांनी खिडकीकडची मान माझ्याकडे वळवली. मग वाकड्या झालेल्या तोंडानं सावकाश विचारलं, "का?"

"मला तुमचा हेवा वाटत होता."

"माझा?" त्यांनी खाली आपल्या हाताकडे पाहिलं. रागावले नाहीत. धातूत तडा कुठून गेलाय हे शोधताना ते असेच बघायचे. मग म्हणाले, "फोन लावा त्यांना."

मी व्हिडिओ कॉल लावला. नागपूरला संध्याकाळ झाली होती. बाबा बनियनवर होते. मागे भिंतीवरचं कॅलेंडर पंख्यानं हलत होतं. मी त्यांना सगळं सांगितलं, काही न वगळता.

"म्हणजे त्यानं मले हाकललं नव्हतं," ते शेवटी म्हणाले.

"नाही बाबा. थांबा म्हणून विनंती केली होती."

त्यांनी चेहरा बाजूला वळवला. थोड्या वेळानं परत आले. "फोन त्याच्याकडं कर."

मालकांना फोन धरता येत नव्हता. मी त्यांच्या खुर्चीशेजारी वाकलो आणि दोघांना एकमेकांचे चेहरे दिसतील असा तो समोर धरला. बाबांनी त्यांचं तोंड पाहिलं, मांडीवरचा हात पाहिला.

"कोलेगे," मालक म्हणाले.

"मिस्त्री," बाबा म्हणाले, आणि खाकरले. "मिस्त्री, पोरावर राग नोका धरू. याले मी कधी हत्याराले हात लावू देल्ला नाई. जवळच येऊ देल्लं नाई. चूक माही हाय."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. काय म्हणाले ते?

मी सांगितलं. या वेळी शब्दाला शब्द सांगितलं. 'जवळच येऊ दिलं नाही' याला जर्मन शब्द सापडायला मला वेळ लागला आणि ते थांबले.

ऐकून झाल्यावर ते म्हणाले, "त्यांना सांगा, मी माझ्या मुलीला हत्याराशिवाय दुसरं काहीच दिलं नाही."

तेही मी सांगितलं.

"येते का पोरगी?" बाबांनी विचारलं.

"रविवारी येते," मालक म्हणाले. "समोर बसते. काय बोलायचं ते मला कळत नाही."

मी मराठीत सांगितलं. बाबांनी मान हलवली, पुन्हा हलवली. "मलेबी याच्याशी बोलता येत नाई," ते म्हणाले. ते माझ्याकडे बघत नव्हते. फोनच्या त्या बाजूनं ते फक्त मालकांकडे बघत होते. "पाठ करून ठेवतो, अन् मंग हा समोर आला का जमत नाई."

हे वाक्यही मी जर्मनमध्ये सांगितलं. मालकांनी दोनदा 'या' म्हटलं. फोन बंद करा असं कुणी म्हणालं नाही. ते एकमेकांकडे बघत बसले आणि मला तेव्हाही हेवाच वाटत होता. वाकून वाकून माझी पाठ भरून आली, दंड दुखायला लागला. मी फोन तसाच धरून ठेवला.